सुई तीच, दुपार कोणाची?

शिवणकामाने मन शांत होते, असा उपदेश हल्ली मध्यमवर्गीय स्त्रियांना सर्वत्र ऐकविला जातो. टाके घालता घालता श्वास संथ होतो, चिंता ओसरते, हातून काही घडल्याचे समाधान मिळते. यात खोटे काही नाही. निवृत्तीनंतर प्रस्तुत लेखक स्वतःच्या सदऱ्यांची बटणे स्वतः लावू लागला, तेव्हा (चाळिशी सावरीत का होईना) त्यालाही हा अनुभव आला. आक्षेप आहे तो या उपदेशातून जे गाळले जाते त्याबद्दल.

कळव्यात पारसिकच्या डोंगरउतारावरील वस्त्यांतून एखाद्या दुपारी फिरून यावे. एका खोलीच्या घरात, दाराच्या उजेडाशी, एखादी बाई तयार कपड्यांना बटणे लावीत किंवा सुटे दोरे कापीत बसलेली आढळते. पण माल मध्यस्थाचा, दर त्याने ठरविलेला, मोजणी नगावर. आणि नग नापास झाला की तोटा तिचा. सुई, दिवा आणि जागा मात्र तिची! भाडे, वीज आणि देखरेख यांचा खर्च कामगाराच्या घरावर ढकलला की उत्पादनखर्च उतरतो, हे अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. हिशेबवहीत न दिसणारा हा खर्च तिची मान, तिचे डोळे आणि तिची झोप यांतून वसूल होतो. शिवणाने मन शांत होते, असे या बाईला सांगण्याचे धाडस कोणी करून पाहावे.

एकटेपणा हेच तिचे दुखणे, असे म्हणावे तर तेही पुरते खरे नाही. १८६३ साली लंडनमध्ये मेरी ॲन वॉकली ही २० वर्षांची शिवणकामगार मुलगी दरबारी नृत्यसमारंभाचे पोशाख शिवताना सलग २६ तासांहून अधिक राबली, आजारी पडली आणि मेली. मार्क्सने ‘भांडवल’ या ग्रंथात तिची नोंद केली आहे. तिच्यासोबत आणखी ६० मुली शिवीत होत्या. मालकाच्या घड्याळाखालची सोबत तिला वाचवू शकली नाही.

मग शिवण मनाला सावरते केव्हा? आपल्या गोधडीकडे पाहावे. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून शेजारणी चारी बाजूंनी बसत आणि कडेपासून आत धावदोरा घालीत जात. घाई नसे. डोळे टाक्यावर असल्यामुळे जे तोंडावर बोलता येत नाही ते तिथे बोलले जाई: सासुरवास, कर्ज, दगावलेले मूल. गेलेल्या आजोबांचे धोतर नातवाच्या पांघरुणात येई. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जात त्या ओसरीवरही होतीच. परंतु वस्तू आपली, गती आपली आणि ऐकणारे माणूस आपले, हे तिन्ही तेथे एकत्र होते.

ही केवळ घरगुती गोष्ट नव्हे. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची मुले, नवरे ‘बेपत्ता’ झाले, त्यांतल्या कित्येक स्त्रियांनी सांतियागो शहरात चर्चच्या आश्रयाने एकत्र बसून चिंध्यांची चित्रे शिवली. ती देशाबाहेर पोहोचली आणि त्यांच्या दुःखाला जगभर साक्षीदार मिळाले.

आपले कार्यकर्ते विचारतील, लढा वेतनाचा असताना हे गोधडीपुराण कशाला? वेतनाच्या लढ्यासाठीच. घरी बसून माल तयार करणाऱ्या कामगारांना इतर कामगारांच्या बरोबरीचे संरक्षण देणारा १७७ क्रमांकाचा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. ती मागायची कोणी? भिंतीपलीकडची शेजारीण कोणत्या दराने शिवते हे या बायकांना ठाऊक नसते, तोवर मध्यस्थाला दर पाडायला कष्ट पडत नाहीत. फाटके कपडे दुरुस्त करायला आठवड्यातून एक दुपार त्या एकत्र बसल्या, तर दराची गोष्ट निघायला वेळ लागणार नाही.

तेव्हा कळव्याच्या शाखेने पुढील बैठकीत एवढे करावे: वस्त्यांतील कोणती समाजमंदिरे दुपारी कुलूपबंद असतात याची यादी करावी आणि त्यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत याचा शोध घ्यावा.