मागच्या पानावरची चव

परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबाने हॉटेल काढले की तिथे बहुधा दोन स्वयंपाक होतात: एक गिऱ्हाइकांचा, एक घरच्यांचा. लॉस एंजेलिसच्या थाई टाउनमधले ‘जितलाडा’ घ्या. जॅझ सिंगसनाँग आणि त्यांचे बंधू तुई सुंगकामी यांनी ते २००६ मध्ये चालवायला घेतले. अमेरिकनांच्या लेखी थाई जेवण म्हणजे पॅड थाई. आणि गंमत म्हणजे तो पदार्थही थायलंडभर पोचला तो दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, तेव्हाचे पंतप्रधान फिबुन यांच्या सरकारच्या राष्ट्रवादी प्रचारातून. ही भावंडे दक्षिण थायलंडची. ओली हळद, जहाल मिरची, उग्र वासाच्या सातोच्या बिया, खारवून मुरवलेल्या माशांच्या आतड्यांचे कालवण, हे त्यांचे खरे जेवण. त्याची यादी मात्र मागच्या पानावर, फक्त थाई लिपीत होती. मालवणी खाणावळीने फळ्यावर पनीर लिहावे आणि सुकट घरच्यांपुरती ठेवावी, तसलाच प्रकार. पुढे एका खवय्याने ती यादी इंग्रजीत आणली, समीक्षक जोनाथन गोल्ड यांनी ते जेवण वाखाणले आणि हॉटेलचे नाव सर्वदूर झाले. ‘बाहेरच्यांना हे झेपणार नाही’ या समजुतीत अर्धे सौजन्य असते, अर्धी धास्ती. धंद्याच्या पहिल्या वर्षांत ती रास्तही असते, कारण भाडे तत्त्वांवर भागत नाही. पण तिखट किती सोसायचे, हे गिऱ्हाइकाला ठरवू द्यावे. घाम पुसत तो पुन्हा वाढून घेतो, हा अनुभव काही फक्त थाई लोकांचा नाही.