प्लॉट घेताना सांडपाण्याचेही विचारा

पावसाळ्यात काविळीचा किंवा विषमज्वराचा रुग्ण आला की डॉक्टर हमखास विचारतो, ‘पाणी कुठलं पिता?’ मी त्याला अलीकडे दुसरा प्रश्न जोडतो, ‘घरातलं सांडपाणी कुठं जातं?’ पहिल्याचे उत्तर लगेच येते: बोअरचे, टँकरचे, जारचे. दुसऱ्या प्रश्नावर मात्र बहुतेक जण अडखळतात. ‘शोषखड्डा आहे की’ एवढेच सांगतात.

जालना २०२३ मध्ये महानगरपालिका झाले. अंबड, मंठा, भोकरदन, देऊळगावराजा अशा सगळ्याच रस्त्यांच्या कडेला शेतांचे प्लॉट पडत आहेत. रस्ते आखले जातात, विजेचे खांब उभे राहतात. सांडपाण्याची सोय मात्र बहुतेक ठिकाणी ज्याची त्याने करायची असते.

सेप्टिक टँक म्हणजे पाणी शुद्ध करणारे यंत्र, हा मोठा गैरसमज आहे. टाकीत जड मैला तळाशी बसतो आणि त्याचा काही भाग कुजतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वराचे जंतू जिवंत असू शकतात. ते गाळण्याचे काम पुढे जमिनीने करायचे असते आणि आपल्याकडे नेमके तिथेच अडते. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. मग शोषखड्डा तुंबतो आणि लोक पाइप उघड्या नालीत सोडतात. जिथे मातीचा थर पातळ आहे, तिथे खाली मुरूम आणि भेगाळलेला काळा पाषाण आहे. त्या भेगांतून घाण पाणी फारसे न गाळता खाली उतरते. बोअरला पाणी मिळते तेही अशाच भेगांतून.

शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांत किमान १५ मीटर, म्हणजे सुमारे ५० फूट अंतर असावे, असा ढोबळ नियम आहे. भेगाळ खडकात तेवढेही पुरेलच असे नाही. आता ३० बाय ४० फुटांचा प्लॉट घ्या. त्याचा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्णच ५० फूट भरतो. शिवाय शेजाऱ्याचा खड्डा आपल्या बोअरपासून किती दूर आहे, हे कोण मोजतो?

शंभर घरे, घरटी पाच माणसे, माणशी रोज १३५ लिटर पाणी असा नियोजनाचा हिशेब धरला आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी होते असे मानले, तर एका वसाहतीतून रोज ५४ हजार लिटर सांडपाणी निघते. आज नळाला एवढे पाणी येत नाही, हे खरे. पण पुरवठा वाढेल तसे सांडपाणीही वाढणारच.

पाणी उकळून पिले की जंतू मरतात; ते जरूर करा. पण मैल्यातून भूजलात उतरलेले नायट्रेट उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलेले वरचे दूध तान्ह्या बाळाला घातक ठरू शकते. त्यामुळे बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घेणे शहाणपणाचे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काही जण दगावले. नांदेड, किरकटवाडी या महापालिकेत अलीकडे आलेल्या गावांचे नाव त्यात वारंवार आले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस आढळले आणि दूषित पाण्याकडे बोट गेले. वस्ती आधी आणि सोयी मागाहून, हा क्रम कुठे नेऊ शकतो, हे त्यातून दिसले.

उपाय फार महागडा नाही. प्रत्येक घराच्या टाकीतून निघणारे पाणी लहान व्यासाच्या बंद पाइपने वसाहतीच्या सखल कोपऱ्यात आणायचे. तिथे कप्प्यांची बंद टाकी आणि पुढे खडी-वनस्पतींचा गाळण थर केला, तर उतार साधल्यास विजेचीही फारशी गरज पडत नाही. ते पाणी ओपन स्पेसमधल्या झाडांना देता येते. टँकरची सवय झालेल्या जालन्यात ते वाया घालवणे परवडणारे नाही. पावसाच्या पाण्याची नाली मात्र वेगळी हवी. टाक्यांचा गाळ दर दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसला पाहिजे. त्यासाठी सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत मोठ्या प्रकल्पांसाठी सांडपाण्यावर प्रक्रिया करून पुनर्वापर करण्याची तरतूद आहे. लहान लेआउटनाही अशी सामाईक व्यवस्था नकाशातच दाखवायला लावावी आणि ती प्रत्यक्ष झाल्याशिवाय अंतिम मंजुरी देऊ नये. एकदा घरे उभी राहिली की पाइपला ना जागा उरते, ना उतार मिळतो.

प्लॉट घेणाऱ्यांनी रस्ता, लाइट, पाणी यांच्या जोडीला तीन गोष्टी विचाराव्यात: सांडपाणी कुठे जाणार, गाळ कोण उपसणार, आणि देखभालीचा खर्च कोण करणार? उत्तर मिळेपर्यंत इसार देऊ नये. काविळीवर आम्ही दवाखान्यात उपचार करू. पण ती वसाहतीत येऊ नये याची तजवीज नकाशावर सही होण्याआधीच करावी लागते.