शाल-श्रीफळ पुरे, आता ऐका



आज जरा रागातच लिहायला बसले आहे.

गेल्या महिन्यात एका महिला मंडळाने आमच्या बिल्डिंगमधल्या पंजाबी जैन आजींना सत्कारासाठी बोलावलं. आजी मूळच्या गुजरांवाल्याच्या. १९४७ साली नऊ वर्षांच्या होत्या, म्हणजे आता नव्वदीला टेकल्या. गुजरांवाला आज पाकिस्तानात आहे. आत्मारामजी महाराजांची, म्हणजे आचार्य विजयानंदसूरींची समाधी तिथलीच. १९४७चा चातुर्मास आचार्य विजयवल्लभसूरींनी तिथेच धरला होता. चातुर्मासात साधूंनी गाव सोडायचं नसतं, पण त्या वर्षी संघासोबत त्यांना अमृतसरला यावं लागलं.

कार्यक्रमात आजींना विचारलं, "मूर्ती कशा वाचवल्या ते सांगा." आजी म्हणाल्या, "ते पुरुषांना माहीत. मी माझ्या आईचं सांगते." छावणीत आई ओढणी दुहेरी करून नळाचं पाणी गाळायची. गाळण्यातले जीव जिथलं पाणी तिथेच परत सोडायचे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. नळात कसे सोडणार? म्हणून ती शेजारच्या ओल्या जागेवर अलगद पाणी ओतायची. मग आजी म्हणाल्या, "एका रात्री उशिरा रोट्या आल्या. आई खाईना, म्हणून आम्ही भावंडंही खाईनात. तेव्हा आमच्यासाठी तिने अंधारात पहिला घास..."

तेवढ्यात वेळ संपल्याचं सांगून माइक काढून घेतला. शाल, श्रीफळ, फोटो. नंतर एक बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "रात्री जेवल्याचं मुलींसमोर कशाला काढायचं?"

मी विचारते, का नाही काढायचं? त्या माउलीने त्या एका घासासाठी मरेपर्यंत गोड खाल्लं नाही. हे आजींनी मला घरी आल्यावर सांगितलं. धर्म आणखी कुठे असतो? संकटात नियम मोडला, त्याची आलोचना केली, प्रायश्चित्त घेतलं. आपण प्रतिक्रमणात रोज हेच म्हणतो ना? मग दुसरीच्या तोंडून ते ऐकायची लाज का वाटावी? वाचलेल्या मूर्ती तेवढ्या सांगायच्या आणि मोडलेले नियम लपवायचे, हा अर्धा जमाखर्च झाला. मी कॉमर्सची. नुसती जमा बाजू दाखवणाऱ्या वहीला आम्ही खोटी वही म्हणतो.

कुणी म्हणेल, त्या श्वेतांबर, आपण दिगंबर. अहो, मुलतानचे दिगंबर जैनही असेच उठून आले. मूर्ती आणि ग्रंथ त्यांनी विमानाने आणले. जयपूरच्या आदर्शनगरात त्यांचं मंदिर आहे. त्या विमानाची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण त्या घरांतल्या बायकांनी नव्या गावात चूल कशी मांडली, पर्युषण कसं केलं, कंदमुळाशिवाय भाजी कुठून आणली, हे कितीजणींनी विचारलं?

दुसरी म्हणेल, जुन्या जखमा कशाला उकरायच्या, द्वेष वाढतो. जिला बोलायचं नाही तिला मुळीच छेडू नये. पण द्वेष वाढतो तो दोन मिनिटांच्या भाषणाने. पूर्ण ऐकलं तर घर जाळणाऱ्यांबरोबर त्यांना रात्रभर लपवून ठेवणारे मुसलमान शेजारीही आजींच्या गोष्टीत येतात.

आणि आपल्याला हे कुणी शिकवायला हवं का? गिरनारच्या चंद्रगुंफेत वृद्ध धरसेन आचार्यांना काळजी पडली, की आपल्याबरोबर हे मुखोद्गत ज्ञान संपेल. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोघा मुनींना ते शिकवलं आणि षट्खंडागम लिहिला गेला. त्याचीच आठवण म्हणून ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण श्रुतपंचमी करतो, ग्रंथांना नवी वेष्टनं घालतो. आगमांची बरोबरी मी आजींच्या आठवणींशी करत नाही. पण तोंडी आहे ते माणसाबरोबर जातं, ही भीती तीच आहे. फाळणी पाहिलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. उर्वशी बुटालियांनी फाळणीतल्या बायकांना बोलतं करून १९९८ साली पुस्तक काढलं. आपण काय केलं? शाली वाटल्या.

मी आता दर गुरुवारी दुपारी आजींकडे जाते. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावते, आधी त्यांची परवानगी घेते. "पाणी कसं गाळत होता? सामायिकाला जागा कुठे मिळाली? पहिला उपवास कधी सोडला?" एवढंच विचारते आणि गप्प बसते. नको म्हटलेलं पुसते. एक प्रत त्यांच्या नातीकडे, एक माझ्याकडे.

तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर पुढच्या सत्काराची वाट पाहू नका. या आठवड्यातच जा. आणि ती बोलत असताना, कृपा करून, माइक काढून घेऊ नका.