केरसुणीलाही सुट्टी!

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीत तुम्ही घटकाभर निवांत कधी बसलात, आठवून पाहा बरं! आधी साफसफाई, मग फराळ, मग पाहुणे. म्हणूनच आज व्हिएतनाममधल्या बायकांच्या सणाविषयी सांगावंसं वाटलं.

त्यांच्या नव्या वर्षाच्या सणाला 'तेत' म्हणतात. पंचांग चंद्रावर चालतं, त्यामुळे आपल्या सणांसारखाच तो मागेपुढे होतो. 2025 साली तो 29 जानेवारीला होता, तर 2026 सालचा 17 फेब्रुवारीचा.

तयारी सुरू होते चुलीपासून. सरत्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, तेविसाव्या दिवशी, चुलीचे देव माशावर बसून स्वर्गात जातात आणि वर्षभर घरात काय घडलं ते तिथल्या राजाला सांगतात, अशी समजूत आहे. त्यांना वाहन हवं म्हणून लोक जिवंत मासे तळ्यात सोडतात. खरंच, घरातले रुसवेफुगवे चुलीइतके दुसरं कोण जाणतं? आपली शेगडी बोलू लागली तर काय काय सांगेल!

मग घर लख्ख करायचं, उसनंपासनं फेडायचं. उत्तरेकडे घरात पीचच्या गुलाबी फुलांची डहाळी येते, दक्षिणेकडे 'माई'ची पिवळी फुलं. आणि रांधायचा तो 'बान चुंग'. भिजवलेला चिकट तांदूळ, त्यात मुगाच्या डाळीचा थर, मध्ये डुकराचं मांस, असं सगळं हिरव्या पानांत चौकोनी बांधून दहा-बारा तास उकळायचं. (मांस न घालताही करतात बरं का!) पाणी आटेल तसं ओतत राहायचं, म्हणून रात्री कुणीतरी चुलीशी जागायचं. दक्षिणेत हाच प्रकार केळीच्या पानात लांबट गुंडाळतात. जोडीला कांद्याचं लोणचं. हे सगळं चांगलं टिकतं, त्यामुळे सणाच्या दिवसांत रांधण्याचा भार हलका होतो. पूर्वजांपुढे ताट वाढायचं असतं, ते मात्र चुकत नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी केर काढायचा नाही. दारात आलेलं भाग्य केराबरोबर बाहेर जाईल ना! दिवेलागणीला झाडू नये असं आपल्या आजी सांगत, त्यातलाच प्रकार. वर्षाचा पहिला पाहुणाही चांगल्या पायगुणाचा पाहून आधीच ठरवून ठेवतात. मुलांच्या हाती लाल पाकिटातून नव्या नोटा पडतात आणि वेडंवाकडं बोलायचं नाही हा तर नियमच.

पण मला सगळ्यांत आवडली ती भेटीगाठींची रीत. पहिला दिवस वडिलांकडच्यांचा, दुसरा आईकडच्यांचा आणि तिसरा गुरुजींचा. लग्न झालेल्या बाईला याचा अर्थ काय? पहिला दिवस सासरचा, दुसरा माहेरचा. माहेरचा दिवस रीतीनंच ठरलेला, मागून घ्यावा न लागणारा!

आता तिथेही सगळं गोडगोड आहे असं समजू नका. ती थोडी विश्रांती बाईनं आधी आठवडाभर राबून स्वतःच कमावलेली असते. नोकरीसाठी शहरात आलेल्या जोडप्यांची दोन्हीकडची गावं लांब, म्हणून 'यंदा तुझ्या घरी की माझ्या' यावरून कुरबुरी होतात. काही जण एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे असा तोडगा काढतात. पुष्कळ बायका आता बान चुंग तयारच विकत आणतात, आणि त्यात काही वावगं नाही.

तेव्हा यंदा दिवाळीच्या सामानाची यादी करताना खाली दोन ओळी वाढवा. एक, कुठल्या दिवशी शेगडी पेटवायची नाही. दुसरी, माहेरी कधी जायचं. दोन्ही तारखा आधीच सगळ्यांच्या कानावर घाला. आणि त्या सुट्टीसाठी जो फराळ करून ठेवायचा, त्याला घरातल्या सगळ्यांचे हात लागू देत. नाहीतर सुट्टी केरसुणीला मिळायची आणि तुम्ही आपल्या उभ्याच!