विजयदुर्गाचा अभिमान आणि इतिहासाची तारीख

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारसास्थळांच्या सूचीत स्थान दिले. त्यांत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणचा सिंधुदुर्ग आणि देवगड तालुक्यातील विजयदुर्ग असे दोन जलदुर्ग आहेत. साहजिकच या किनाऱ्यावर आता जगभरातून अभ्यासक येतील. विजयदुर्गावर त्यांना आंग्र्यांच्या आरमाराबरोबर आणखी एक कथा ऐकवली जाईल, ती हेलियमच्या शोधाची.

किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथे दुर्बीण रोवली आणि हेलियम शोधला, असे सांगितले जाते. त्या स्मरणार्थ किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. एका किनारी गावाने विज्ञानाचा उत्सव करावा, ही कौतुकाचीच गोष्ट आहे. मात्र या कथेतील तारीख आणि माणूस यांची सांगड इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

१८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते तेव्हा तेथील युद्धखात्यात कारकून होते आणि सूर्याचा अभ्यास हा त्यांचा फावल्या वेळचा ध्यास होता. त्या वर्षीच्या ग्रहणाचा पट्टा कोकणापासून मच्छलीपट्टणपर्यंत गेला होता. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथे सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. अनेकांना त्यात एक पिवळी रेषा दिसली. बहुतेकांनी ती सोडियमची मानली. मद्रास वेधशाळेच्या पॉग्सन यांनी मच्छलीपट्टणहून मात्र तिच्या नेमक्या जागेविषयी शंका नोंदवली. लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी ग्रहणाविनाच या ज्वालांचा वर्णपट टिपला आणि पुढे ती रेषा एका अज्ञात मूलद्रव्याची असल्याचे प्रतिपादन केले. सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून त्याचे ‘हेलियम’ हे नामकरण झाले. पृथ्वीवर तो हाती लागला १८९५ मध्ये, विल्यम रॅमसे यांच्या प्रयोगशाळेत.

मग विजयदुर्गावर साहेब आलेच नाहीत काय? आले, आणि मोठ्या सिद्धतेने आले. पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी सर नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग हेच ठिकाण निवडले. ‘मेल्पोमीनी’ या युद्धनौकेचे अधिकारी व खलाशी त्यांच्या मदतीला होते आणि या निरीक्षणांचा वृत्तान्त लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. ओट्यांचा संबंध जोडायचा तर तो या मोहिमेशी जोडणेच न्याय्य ठरेल.

खऱ्या इतिहासाचा आणखी एक लाभ आहे. त्यात भारतीय माणसे भेटतात. १८६८ चे ग्रहण मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी वनपर्ती येथून अभ्यासले. प्रत्यक्ष वेधांवर आधारलेल्या पंचांगाचा आग्रह धरणारे हे विद्वान होते. १८९८ मध्ये लॉकियर विजयदुर्गावर असताना सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला तेच ग्रहण टिपत होते. ही वेधशाळा १९१२ मध्ये बंद पडली आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. साहेबाच्या ओट्याची कथा घरोघरी पोहोचली. नायगमवालांचे नाव पुण्यातही किती जणांना ठाऊक असेल?

‘एका तारखेने काय बिघडते?’ असा प्रश्न कुणी विचारील. बिघडते ते असे की, एक चुकीचा दावा शंभर खऱ्या दाव्यांवर संशय ओढवून घेतो. आर्यभटाने ग्रहणाचे कारण छाया हे सांगितले, हा निर्विवाद इतिहास आहे. परंतु राष्ट्राच्या ज्ञानपरंपरेविषयी बोलणाऱ्याची एक नोंद खोटी ठरली, की टीकाकार त्याच्या साऱ्या नोंदी मोडीत काढतात. अभिमान पुराव्यावर उभा असेल तरच तो दीर्घकाळ टिकतो. ज्या समाजाने ‘सत्यमेव जयते’ हे बोधवाक्य स्वीकारले, त्याने स्वतःच्या कथाही त्याच कसोटीवर घासून घ्यायला हव्यात.

आज तर उसन्या कथेची गरजही उरलेली नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावलेले ‘आदित्य-एल१’ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील कक्षेत स्थिरावले. त्यावरील एक उपकरण सूर्यबिंब झाकून जणू कृत्रिम खग्रास ग्रहण घडवते. ते बनवणारी बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था रघुनाथाचारींच्या मद्रास वेधशाळेचीच वारसदार आहे. दुसरे उपकरण, अतिनील किरणांत सूर्य पाहणारी ‘सूट’ दुर्बीण, पुण्याच्या आयुका संस्थेने उभारली. २२ फेब्रुवारी २०२४ च्या प्रचंड सौरज्वालेचे तिने केलेले चित्रण जगभरच्या अभ्यासकांना उपयोगी पडले. ज्या कामासाठी १८९८ मध्ये परकी युद्धनौका विजयदुर्गाच्या बंदरात नांगर टाकून होती, ते काम आज स्वदेशी यान अखंड करीत आहे.

म्हणून विजयदुर्गावर ओट्यांपाशी २२ जानेवारी १८९८ ही तारीख कोरलेला फलक लागावा. १८ ऑगस्टचा उत्सवही अवश्य चालावा. पण त्या दिवशी मुलांना हेलियमची खरी, अनेक हातांनी घडलेली कथा सांगितली जावी. देवगड-मालवणच्या शाळांतील शिक्षकांनी जुन्या सीडीच्या तुकड्यातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट विद्यार्थ्यांना दाखवावा. या किनाऱ्यावरचा एखादा विद्यार्थी उद्या सूर्याचे नवे रहस्य उलगडील, तेव्हा त्याचे श्रेय सिद्ध करण्यासाठी कोणत्याही आख्यायिकेची गरज पडणार नाही.