पडलेल्या उमेदवाराचे मतही मोजले जाते

निवडणूक जाहीर झाली की आमच्या वस्त्यांत एकच उपदेश सुरू होतो : तिसऱ्याला मत देऊन मत वाया घालवू नका. पाच वर्षे निळ्या झेंड्याकडे न फिरकणारे प्रस्थापितही तेव्हा आम्हाला संविधानाची शपथ घालतात.

2019 च्या लोकसभेला नांदेडमध्ये काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे 40 हजार मतांनी पडले. वंचित बहुजन आघाडीने तिथे दीड लाखाहून अधिक मते घेतली होती. झाले, आंबेडकरी मतदार भाजपची 'बी टीम' ठरला! तेच चव्हाण फेब्रुवारी 2024 मध्ये स्वतःच भाजपमध्ये गेले. मग वाया गेलेले मत कोणाचे?

कायदा तर वेगळाच हिशेब मांडतो. निवडणूक चिन्ह आदेश 1968 नुसार राज्यात 6 टक्के मते आणि लोकसभेची एक किंवा विधानसभेच्या दोन जागा मिळाल्या, तर पक्षाला राज्य पक्षाची मान्यता मिळते. 2011 च्या दुरुस्तीनंतर एकही जागा नसली, तरी 8 टक्के मतांवर ती मिळू शकते. 2019 च्या लोकसभेला वंचितला राज्यात जवळपास 7 टक्के मते पडली. थोडक्यात हुकले! मान्यता नाही म्हणून राखीव चिन्ह नाही. त्या लोकसभेला कपबशी, त्याच वर्षी विधानसभेला गॅस सिलिंडर, 2024 ला अकोल्यात खुद्द बाळासाहेबांना प्रेशर कुकर. आमच्या निरक्षर माय-माउलीने दर वेळी नवे चित्र शोधायचे. पंजा आणि कमळ मात्र तिला पाठ आहेत.

2024 च्या लोकसभेला समाजातील अनेकांनी संविधानाच्या काळजीने महाविकास आघाडीला मत दिले. त्यांना गद्दार म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. ती काळजी खरी होती. पण त्या मताची किंमत आधी ठरवून घ्यायला आमच्याकडे एकसंध पक्ष नव्हता. 1998 साली काँग्रेसशी समझोता करून रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार खुल्या मतदारसंघांतून निवडून आले होते. पुढे गटबाजीने ती ताकद विखुरली. त्याचे खापर फक्त काँग्रेसवर फोडून चालणार नाही.

म्हणून आमचे मत स्वतंत्र पक्षालाच. मात्र 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध 5.81 टक्के होते. सर्वांनी एकच बटण दाबले, तरी 8 टक्के होत नाहीत. उरलेली मते धनगर, माळी, मुस्लिम, आदिवासी वस्त्यांतून आणावी लागतील आणि तिथे आमचे कार्यकर्ते निवडणुकीच्या महिनाभर आधी पोहोचतात.