एकच नोंदवही, अनेक हात

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील ‘परम रुद्र’ हे तीन महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आले. खर्च सुमारे १३० कोटी रुपये. त्यानंतर अकराच दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, पायथन ३.१३ प्रसिद्ध झाली. या दोन घटनांचा विचार एकत्र व्हायला हवा. कारण यंत्रात हजारो कोअर असले, तरी त्यांच्याकडून बिनचूक काम करून घेणे हे वेगळे शास्त्र आहे आणि विज्ञानाच्या अभ्यासक्रमात त्याला अजून पुरेसे स्थान नाही.

पायथनमध्ये एका वेळी एकाच थ्रेडला पुढे जाऊ देणारे एक मध्यवर्ती कुलूप असते: ग्लोबल इंटरप्रिटर लॉक. ३.१३ मध्ये ते वगळलेली आवृत्ती प्रयोग म्हणून उपलब्ध झाली. ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये तिला अधिकृत, पण ऐच्छिक स्थान मिळाले. आता अनेक थ्रेड खऱ्या अर्थाने एकाच वेळी धावू शकतात. आजवर दडून राहिलेले दोषही त्यामुळे उघड्यावर येतील.

कणांच्या टकरी मोजणारा एक क्लास घ्या. ‘एकूण’ हा व्हेरिएबल क्लासच्या पातळीवर आहे, म्हणजे त्या क्लासच्या सर्व ऑब्जेक्टना तो सामायिक आहे. ‘एकूण’मध्ये एक मिळवणे ही एक कृती भासते, प्रत्यक्षात त्या तीन आहेत: वाचणे, मिळवणे, लिहिणे. दोन थ्रेडनी एकाच क्षणी ४१ वाचले, तर दोघेही ४२ लिहितात. उत्तर ४३ हवे होते. एक टक्कर नाहीशी झाली आणि प्रोग्रामने चकार शब्द काढला नाही.

जुने कुलूप अशा बेरजेचे रक्षण करीत असे, हा गैरसमज आहे. ते इंटरप्रिटरच्या अंतर्गत व्यवस्थेसाठी होते; त्याच्यामुळे हा दोष क्वचित दिसे, इतकेच.

थ्रेडऐवजी स्वतंत्र प्रोसेस वापरल्या, तर घोटाळा उलटा होतो. प्रत्येक प्रोसेसची स्मृती निराळी असल्याने प्रत्येकीकडे क्लासची आपापली प्रत असते. सोळा प्रोसेस इमानाने मोजतात आणि मुख्य प्रोग्राममध्ये ‘एकूण’ शून्यच राहते.

उपाय अवघड नाहीत. थ्रेडसाठी लॉक क्लासच्याच पातळीवर ठेवावा. प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतंत्र लॉक देणे म्हणजे एका खोलीला अनेक दारे ठेवून प्रत्येक दाराला वेगळे कुलूप लावणे होय. प्रोसेससाठी सामायिक स्मृतीतील व्हॅल्यू वापरावी आणि तिच्यात भर घालतानाही तिचा लॉक घ्यावा. याहून उत्तम मार्ग म्हणजे सामायिकपणाच टाळणे: प्रत्येकाने आपली मोजणी स्वतःजवळ ठेवावी आणि बेरीज शेवटी एकदाच करावी. हा मार्ग सुरक्षित आहे आणि बहुधा वेगवानही, कारण कोणी कुलपापाशी ताटकळत नाही.

हा विषय केवळ प्रोग्रामरांचा नाही. १९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने अमेरिका व कॅनडातील सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला. काहींचा मृत्यू झाला. समांतर चालणाऱ्या कामांनी सामायिक व्हेरिएबल असुरक्षितपणे वापरणे, हे त्यामागील एक कारण होते. संशोधनात असा दोष जीव घेत नाही, परंतु चुकीचा आकडा शोधनिबंधात सन्मानाने बसवतो. बंद पडणारा प्रोग्राम त्यापेक्षा बरा. तो निदान आपली चूक सांगतो.

म्हणून पदव्युत्तर विज्ञान शिक्षणात न्यूनतम वर्ग पद्धतीइतकेच समांतर गणनाचे हे प्राथमिक नियम अनिवार्य असावेत. मार्गदर्शकांनी प्रत्येक विद्यार्थ्याला एक साधा प्रश्न विचारावा: त्याच विदेवर एका वर्करने आणि सोळा वर्करनी केलेली मोजणी तंतोतंत सारखी येते का? दशांशी संख्यांच्या बेरजेत क्रम बदलल्याने शेवटच्या अंकांत किंचित फरक पडू शकतो. पूर्ण संख्यांच्या मोजणीत तेवढ्या फरकालाही जागा नाही.

महासंगणक निधीतून उभे राहतात. त्यांनी दिलेल्या उत्तरावरचा विश्वास मात्र ही तपासणी करणाऱ्यांनाच मिळवावा लागतो.